आमच्या खानावळीतला एकमेव निरोगी माणूस

डॅन्यूबच्या काठावरच्या आमच्या खानावळीची आरोग्य तपासणी मंगळवारी सकाळी झाली. निरीक्षक काल्चेव यांनी फ्रिजमध्ये डोकं घातलं, ओट्यावर बोट फिरवलं, आणि काहीच सापडेना म्हणून ते हिरमुसले. मग त्यांना खिडकीजवळचं टेबल दिसलं. तिथे पांढऱ्या घेवड्याचं गार सूप, पावाचा तुकडा आणि राकियाचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, भरलेला पेला होता. समोरची खुर्ची रिकामी होती.

त्यांनी सूपमध्ये तापमापक बुडवला. "एकोणीस अंश! कुणाला वाढलंय हे?"

"बाबांना," मी म्हणाले.

"कुठायत ते?"

"टेकडीवर, दफनभूमीत. चाळीस दिवस होईपर्यंत त्यांचं ताट इथेच वाढणार."

"रीत मला शिकवू नका, नेवेनाताई. माझ्या आईचंही वाढलं होतं. पण घरी. ही खानावळ आहे. ग्राहकाला वाढलेलं दोन तासांत संपलं नाही, तर फेकायचं. नाहीतर टाळं."

ताट उचलणं मला जमणार नव्हतं. आणि बाबांनी मागे ठेवलं होतं ते एवढंच, ही खानावळ.

स्वयंपाकीण झ्लात्का मावशी पळी घेऊन बाहेर आली. "काय रे काल्चेव, लहानपणी याच टेबलाखाली मुतला होतास. तो नियम कितवा?"

काल्चेव लाल झाले. पण माणूस कायद्यातला. वाट त्यांनीच काढली. "कर्मचाऱ्याच्या जेवणाला वेळेचं बंधन नाही. त्यांना कामावर दाखवा."

कर्मचारी म्हटला की आरोग्याचा दाखला आला. मी मृत्यूचा दिला. त्यांनी तो काळजीपूर्वक वाचला. "हृदयविकार. संसर्गजन्य नाही. अन्न हाताळण्यास पात्र. टोपी?"

मावशीने आपली टोपी काढून खुर्चीवर अडकवली.

"आता तुमचं डोकं उघडं आहे, मावशी."

"असू दे. मी जिवंत आहे, माझे केस गळायचेच."

मग रीतसर तुलना झाली. मावशी चव घेतलेली पळी परत पातेल्यात घालते. वाढपी स्तोइल मनगटाला नाक पुसतो. मी सूप ढवळताना रडते. शेरा पडला, 'खारट द्रवाची भेसळ'. बाबांविरुद्ध मात्र काहीच नव्हतं. शिंक नाही, खोकला नाही. हयातभर पातेल्यावर सिगरेट धरून ढवळणाऱ्या माणसाने व्यसनही सोडलं होतं.

बाबांच्या जोरावर आम्हाला पहिल्या दर्जाची हिरवी पाटी मिळाली. काल्चेवनी राकियाचे दोन थेंब जमिनीवर सांडले, "देव त्यांना क्षमा करो," म्हणाले, आणि उरलेला पेला नमुना म्हणून प्यायले.

चाळीस दिवस सरले. मी ताट उचलायला गेले, तर मावशीने हात धरला. "वेडी का काय तू? त्याला कामावरून कमी केलं तर पाटी जाईल!"

बाबा अजून कामावर आहेत. त्यांचं ताट मीच घासते. मला बरं वाटतं.

तुम्ही येता, दारातली पाटी वाचता, निर्धास्त बसता. बसा. स्वच्छ हातांचा माणूस आमच्याकडे आहे, हे खरंच आहे. फक्त तुमचं जेवण तो बनवत नाही. ते आम्ही बनवतो.