नावापुढचं गाव

"दाब सापडला नाही," असे यंत्राने पुन्हा एकदा छापून दिले, तेव्हा खंडोजी रणनवरेने कपाळावर हात मारला. बेंगळूरच्या त्या सरकारी संशोधन केंद्रात गणकयंत्र येऊन वर्ष होत आले होते आणि खंडोजीच्या उमेदवारीची मुदत संपत आली होती. या दोघांपैकी यंत्र कायम होते. खंडोजी नव्हता.

आणि त्याच्या कायम होण्यावर सगळा संसार अडला होता. बायको चंपा त्याच्याच गावात, निपाणीला, माहेरी. सासरे आप्पाजी तंबाखूच्या धंद्यातले रोखठोक गृहस्थ. "जावईबापू, नोकरी पक्की झाली की लेक पाठवतो. आज हाय आन् उद्या न्हाई असल्या नोकरीवर पोर कशी धाडू वो?" असे त्यांनी चारचौघांत सांगितले होते. तेव्हापासून खंडोजी बसवनगुडीतल्या भाड्याच्या खोलीत हाताने भात शिजवून खात होता, आणि तो भात रोज न चुकता खाली लागत होता. बेंगळूरच्या हवेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा त्या खोलीत येऊन श्वास घ्यायला हवा होता.

काम म्हणाल तर विमानाच्या पंखावर वारा किती जोर करतो याचा हिशेब. हिशेबाचे तुकडे वेगवेगळ्या माणसांनी लिहायचे आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचे. कागदावर लिहिलेला तुकडा नव्याच रुजू झालेल्या मालनबाईंकडे जायचा. त्या खटाखट भोके पाडून तो कार्डांवर उतरवायच्या. मग कंपायलर नावाचा प्रोग्राम ती कार्डे वाचून त्यांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचा. शेवटी एका तुकड्याने दुसऱ्याला नावाने हाक मारली की यंत्राने त्याला शोधून जोडून द्यायचे. खंडोजीचा मुख्य तुकडा 'दाब' म्हणून घसा फोडत होता आणि 'दाब'चा पत्ता नव्हता.

खंडोजीने यंत्राने छापलेली नावांची यादी काढली. तीत 'दाब' नव्हताच, 'एन-दाब' होता. कुठून कोण जाणे, नावापुढे एक इंग्रजी एन येऊन चिकटला होता.

"कंपायलरच चिकटवतोय, सर," तो साहेबांना म्हणाला.

साहेब म्हणजे भीमसेनराव. घराणे कैक पिढ्यांपूर्वी बेंगळूरला आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी सुखाने नांदत होती. "पक्कं का? स्वल्प तपासून बघा की. आपलंच काही चुकत असंल."

"माझ्या कागदावर तर बरोबर आहे, सर."

कागदावर बरोबर, यंत्रात चूक, म्हणजे दोष यंत्राचा. मधे एक जितेजागते माणूस बसलेले आहे हे शिकल्यासवरल्यांच्या लक्षात येत नाही. खंडोजी तर एम.एस्सी. होता.

त्याने एक युक्ती काढली. काहीही न करणारा एक चिमुकला तुकडा लिहायचा, तो आत पाठवायचा आणि बाहेर येताना त्याचे नाव काय होते ते बघायचे. सरकारी नोकरीत काहीच न करणारी गोष्ट लिहायला कितीसा वेळ लागणार! तुकडा गेला आणि पुढे एन लावून परत आला. खंडोजीने मग मुख्य तुकड्यातल्या हाकांनाही एन लावला. हिशेब सुरळीत चालला. त्या दिवशी त्याने भाताबरोबर पापडही भाजला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा नंजुंडय्या त्याचा तुकडा घेऊन रडत आला. त्याच्या नावापुढे के लागला होता.

"म्हणजे मशीनला माणूस ओळखू येतो?" भीमसेनरावांनी विचारले.

"तसंच दिसतंय, सर."

"अय्यो! सतरा वर्षं झाली, आमच्या डायरेक्टरला मी ओळखू येत नाही."

त्यांनी यंत्र विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने कळवले की हा प्रकार जगात दुसरीकडे कुठेही नाही, तेव्हा खोलीतला दमटपणा तपासावा. मग थंड हवेची मोठी यंत्रे बसली. माणसे मफलर बांधून हिशेब करू लागली. भीमसेनरावांना सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि अक्षर जिथल्या तिथे. शेवटी खंडोजीची युक्तीच नियम झाली. प्रत्येकाने आधी रिकामा तुकडा पाठवावा, कोणते अक्षर लागते ते पाहावे आणि मगच पुढचे काम करावे. काम दुप्पट झाले, पण चालले.

इतक्यात दिल्लीचे बडे साहेब यंत्र बघायला येणार असल्याची खबर आली. "त्यांच्यासमोर नीट चाललं तर तुमचं कायमचं मी बघतो," भीमसेनराव खोकत म्हणाले. "नाही चाललं तर... सरी, ठीक आहे, देव बघून घेईल."

दिल्लीचे साहेब आले. त्यांना स्वतःच्या हाताने तुकडा लिहायची हौस आली. नियमाप्रमाणे आधी त्यांचा रिकामा तुकडा आत गेला आणि तसाच कोरा बाहेर आला. पुढे अक्षरच नाही!

"पाहिलंत, मोठ्या माणसाला मशीनसुद्धा काही चिकटवत नाही," भीमसेनराव म्हणाले. सगळे हसले. खंडोजीने हाकाही बिनअक्षराच्या ठेवल्या, साहेबांचा 'वेग' नावाचा खरा तुकडा आत पाठवला आणि मनातल्या मनात चंपाला निपाणीच्या मोटारीत बसवले.

"वेग सापडला नाही," यंत्राने छापले.

यादीत 'डी-वेग' होता. काहीतरी करायचे म्हणून खंडोजी कार्डांच्या खोलीत धावला.

"अक्का, साहेबांची कार्डं पुन्हा पाडा! पुढे डी लागलाय."

"लागला न्हाई, मी लावला," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "आधीच्या टायमाला त्यांचं गाव ठाऊक नव्हतं, म्हणून राहिलं. मग शिपायाला विचारलं. दिल्ली म्हणाला."

"म्हणजे... माझा एन?"

"निपाणी. आन् नंजुंडय्याचा के कोलारचा. अण्णा, तुम्ही लोक शिकलेले, पण नुसतं नाव लिहिता. आमच्या बेंगळूरात नावापुढं गावाचं अक्षर लावतात, बिनगावाचं नाव कुणाचं असतं का? उघडंबोडकं दिसतं. मी आपली प्रत्येकाचं लावून देते."

"मग हाक मारतो तिथे का नाही लावलं?"

"हाक मारताना कुणी गाव लावतं का?" मालनबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की खंडोजीला क्षणभर आपलेच चुकले असे वाटले. मग त्याचा चेहरा पाहून त्याच घाबरल्या. "काय घोटाळा झाला का हो? माझी नोकरी जाईल? नवऱ्यामागं हेच एक आहे, अण्णा."

खंडोजीला रडू येत होते. खरे सांगावे तर या बाईंच्या पोटावर पाय. न सांगावे तर चंपा निपाणीलाच. काय होईल ते होवो, सांगून टाकायचे, असे ठरवून तो जड पायांनी परत आला. त्याने तोंड उघडले, पण बडे साहेब आधी बोलले. ते खुशीत होते. असा दोष जगात दुसरीकडे नाही, याचा अर्थ काय? यावर संशोधन व्हायला हवे! दिल्लीला अहवाल जायला हवेत! आणि हा दोष ज्याने शोधला त्याच माणसाला या कामावर कायम नेमायला हवे.

"दोष असेपर्यंत," भीमसेनरावांनी घाईघाईने पुस्ती जोडली. सरकारी माणूस तो.

खंडोजीने उघडलेले तोंड मिटले. लाज वाटली, पण मिटले. संध्याकाळी तो कार्डांच्या खोलीत गेला.

"अक्का, गाव लावत राहा."

"चूक आहे हे कळल्यावरही?"

"कळल्यावरही. कुणाला सांगू मात्र नका."

"सरी," मालनबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून कामाला लागल्या.

चंपा आली. खोली झाडली गेली, भात मोकळा होऊ लागला, खिडकीत पडदा आला. खंडोजी मात्र दिवसेंदिवस खंगत चालला. कामावर बसून जे ठाऊक आहे ते शोधायचे, महिन्याच्या महिन्याला 'अद्याप कारण सापडले नाही' म्हणून दिल्लीला कळवायचे, आणि कुणी हुशार माणूस नव्याने भरती झाला की रात्रभर तळमळायचे, हे त्याला सोसेना. एकदा जेवता जेवता चंपाने विचारलेच.

"अहो, तुम्ही काम तरी काय करता? सारखं तोंड उतरलेलं."

"यंत्रात नावांपुढे अक्षरं लागतात. ती का लागतात ते शोधतो."

"मग सापडत न्हाई व्हय?"

खंडोजीचा घास हातातच राहिला. "सापडलं तर ही जागा जाईल, चंपा. तुला परत आप्पाजींकडे जावं लागेल."

चंपाने खिडकीच्या पडद्याकडे पाहिले. मग त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

"सावकाश शोधा," ती म्हणाली. "कशाला घाई करायची ती!"