दार न उघडल्याची नोंदवही

घरी चीजकेक करण्याचा निर्णय सुनेने रविवारी सकाळी जाहीर केला आणि त्यावर कोणीही हरकत घेतली नाही. खरं तर तिने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी पाचला तिची आई येणार होती. मुलीला पाणीसुद्धा धड तापवता येत नाही, हे आईने लग्न ठरतानाच प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, आणि नंतरच्या चार वर्षांत मत बदलायची गरज तिला वाटली नव्हती. म्हणून सुनेने पूर्ण विचारांती असा पदार्थ निवडला, ज्यात काही तापवावंच लागत नाही. आईच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं, एवढीच तिची मागणी होती.

बिस्किटांचा चुरा झाला. खिडकीतल्या उन्हात वितळलेलं लोणी त्यात गेलं. तो थर साच्याच्या तळाशी दाबून वर क्रीम चीज, साखर, लिंबाचा रस आणि फेटलेलं क्रीम आलं. दहा वाजता साचा फ्रिजमध्ये गेला. सहा तास दार उघडायचं नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं.

सासरे बत्तीस वर्षं तपासणी अधिकारी होते. कसली तपासणी, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. दार उघडलं जाणार नाही याची हमी कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मग ती जबाबदारी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि साडेदहाला फ्रिजचं दार उघडून पाहिलं. कोणी उघडलेलं दिसलं नाही. तशी नोंद वहीत झाली: पाहणी क्रमांक एक, समाधानकारक.

"बाबा, पण बघायला उघडलं, म्हणजे उघडलंच ना?" सुनेने विचारलं.

"ते उघडणं नव्हे. ती पाहणी."

"मग मी एकदा पाहू?"

"तुला कसं चालेल? तू संबंधित पक्ष."

पाहणी दर अर्ध्या तासाने होऊ लागली. एकट्याने केलेली पाहणी ग्राह्य धरत नाहीत, म्हणून सासूबाईंना साक्षीदार नेमलं. बारा वाजता सासूबाईंनी रास्त शंका काढली, की इतक्या वेळा दार उघडल्याने केकवर काही परिणाम तर होत नसेल? शंका लेखी आल्यामुळे नमुना घेणं भाग पडलं. एक चमचा अधिकाऱ्याला, एक साक्षीदाराला, आणि पुढे वाद झालाच तर असावा म्हणून एक राखीव. राखीव नमुना नवऱ्याकडे सोपवला. तो त्याने सुरक्षित जागी, म्हणजे पोटात ठेवला.

केक अजून सैल आहे, असा निष्कर्ष निघाला. साहजिकच पाहण्या वाढवल्या. आता दर पंधरा मिनिटांनी दार उघडत होतं, तीन चमचे आत जात होते आणि पडलेला खड्डा सासूबाई उलथन्याने सारखा करत होत्या. सून दोनदा मध्ये पडली. दोन्ही वेळा तिचं म्हणणं नोंदवून घेतलं.

पाचला आई आली. पाणी पिऊन झाल्यावर तिने स्वतःहून विचारलं, "काहीतरी केलंयस म्हणे?"

सुनेने साचा आणून समोर ठेवला. कडेला बिस्किटांच्या चुऱ्याची एक ओळ होती, बाकी तळ लख्ख दिसत होता. सासऱ्यांनी शांतपणे वही पुढे केली.

आईने चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली. एकवीस पाहण्या. समाधानकारक, समाधानकारक, चव उत्तम, पोत सुधारतो आहे, चव अत्युत्तम. प्रत्येक ओळीखाली दोन सह्या. शेवटी अभिप्रायाचा रकाना होता, कोरा. आईने रिकाम्या साच्याकडे पाहिलं, मग भरलेल्या वहीकडे.

"एवढी माणसं म्हणतायत," ती म्हणाली, आणि पेन मागून घेतलं. 'फारच छान. मुलीच्या हाताला चव आहे.' खाली सही, तारीख.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. आईकडून 'छान', जन्मात पहिल्यांदा, आणि तेही लेखी.

आईला हसू नका. परवा तुम्ही ज्याला पाचपैकी पाच तारे दिलेत, ते चाखलं होतंत?