निळा, पिवळा आणि चौथं मत

"मत म्हणजे काय फ्लॅट आहे, वारसाहक्कानं यायला?" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"मग काय बापाबरोबर मतही गेलं म्हणायचं?" टेलरकाकांनी कप बशीत आदळला. "तीन माणसांत कसली निवडणूक? तीन पायांवर स्टूल उभं राहतं डॉक्टर, मंडळ नाही."

"तुम्ही दोघं गप्प बसा जरा," कंडक्टरकाका म्हणाले. "ठकू, तूच सांग बाई."

ठकू हातात ट्रे घेऊन दारातच उभी होती. अडतिसाव्या वर्षीही या तिघांपुढे ती ठकूच होती, आणि तीन महिन्यांनी घरात हा आरडाओरडा ऐकताना तिला इतकं हायसं वाटत होतं की भांडण कशावरून चाललंय, हे ती विसरूनच गेली होती.

भांडण तसं जुनंच होतं. एकोणीस वर्षं, दर शनिवारी पाच वाजता, हे तिघं आणि ठकूचे बाबा एकाच गायकाचे दोन अल्बम ऐकत. निळ्या कव्हरचा त्यानं सव्विसाव्या वर्षी केलेला, पिवळ्या कव्हरचा पन्नाशीनंतरचा. डॉक्टर म्हणायचे, निळ्यात आवाज आहे. बाबा म्हणायचे, पिवळ्यात माणूस आहे. मग तासभर एकमेकांची अक्कल काढून झाली की गुप्त मतदान व्हायचं. डॉक्टर आणि टेलर निळे, बाबा आणि कंडक्टर पिवळे. कोणाचं मत कुठं हे शेजाऱ्यांनाही पाठ होतं. बाबा बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून मोजायचे आणि जाहीर करायचे, "दोन-दोन. पुढच्या शनिवारी फेरमतदान." कपाटाच्या दाराला आतून त्यांच्या अक्षरातला नियम चिकटवलेला होता : ज्या दिवशी निकाल लागेल, त्या दिवशी मंडळ बरखास्त.

बाबा गेल्यापासून शनिवारी पाच वाजता घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला होता. आज बेल वाजली, दारात तीन जोड बूट आले. ते पुन्हा यावेत, एवढंच ठकूला हवं होतं.

दुसऱ्या चहानंतर ठराव झाला. मत ठकूचं, निवडणूक अधिकारी ठकूच, मतदान पुढच्या शनिवारी. ठकूनं सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांच्या जागी ती पिवळ्याला मत देणार, दोन-दोन होणार, आणि मंडळ चंद्रसूर्य असेतो चालणार. हिशेब अगदी सोपा होता. तो सोमवारपर्यंत टिकला.

ठकू चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. सोमवारी टेलरकाका आले आणि यंत्रावर हनुवटी टेकवून बसले.

"पहिलं स्पष्ट दिसतंय की दुसरं?"

"पहिलं. ठकू, एक सांगतो. या खेपेला मी पिवळ्याला मत देणार."

ठकूच्या हातून भिंग पडता पडता राहिलं. "का हो काका?"

"एकोणीस वर्षं तुझा बाप जिंकायला टपला होता. आता जिंकू दे की बिचारा! आणि हे बघ, डॉक्टरला कळलं तर माझी मान कापेल. तुला माझी शपथ आहे."

"पण काका, कोणी जिंकलं तर मंडळ—"

"आता दुसरं दाखव. नाही गं, हे धूसर आहे."

संध्याकाळी ठकूनं चष्म्याच्या नंबराच्या कागदामागे आकडेमोड केली. पिवळे तीन, निळा एक. बरोबरी हवी तर तिला स्वतःला निळ्याला मत द्यावं लागणार होतं. म्हणजे बाबांच्या विरोधात, तेही बाबांच्याच खुर्चीत बसून. तिनं फोटोकडे पाहिलं. "तुमच्याच मित्रांचे उद्योग आहेत," ती म्हणाली, "मला बोल लावू नका."

बुधवारी तिच्या दाढेचं काम होतं. डॉक्टरांनी तोंडात कापसाचे चार बोळे आणि एक नळी खुपसली आणि मग दार लावून घेतलं.

"तू आता बोलू शकत नाहीस, हे एक बरं आहे. शनिवारी मी पिवळा. तुझ्या बाबांसाठी."

"आँ! आँ आँ!"

"दुखतंय?"

ठकूनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मग रडू नकोस गं. मलाही वाईट वाटतं. टेलरला बोलायचं नाही हं, तो मला फितूर म्हणेल."

आता टेलर पिवळा, डॉक्टर पिवळे, कंडक्टर तर मुळातलेच पिवळे. ठकूनं निळ्याला मत दिलं तरी तीन-एक. प्रेमापोटी मंडळाच्या गळ्याला नख लागत होतं, आणि शपथांपायी तिला कोणाला काही सांगताही येईना. उरले कंडक्टरकाका. त्यांच्या हातापाया पडून त्यांना निळं करायचं, एवढाच मार्ग होता. सुजलेला गाल घेऊन ती गुरुवारी त्यांच्या घरी गेली.

"काका, एक मागणं होतं—"

"थांब, आधी माझं ऐक. मनावर फार ओझं झालंय." कंडक्टरकाकांनी खिडकी लावून घेतली. "मला तो पिवळा अल्बम कधीच आवडला नाही."

"काय?"

"पहिल्या शनिवारी अजून चिठ्ठ्या नव्हत्या, आणि तुझे बाबा एकटे पडले होते. मी शेजारीच बसलो होतो, म्हणून हात वर केला. मग खाली कधी घ्यायचा ते कळेना. बघता बघता एकोणीस वर्षं झाली." त्यांनी डोळे टिपले. "आता एकदाच, मरायच्या आधी, निळ्याला मत देऊ का? तुला वाईट नाही ना वाटणार?"

"द्या काका, बिनधास्त द्या!" ठकू एवढ्या जोरात म्हणाली की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

कंडक्टर आणि ती निळे, डॉक्टर आणि टेलर पिवळे. दोन-दोन! कशी का असेना, बरोबरी ती बरोबरी. ठकू घरापर्यंत जवळजवळ तरंगतच गेली.

शनिवारी आधी पिवळा अल्बम झाला. तिघंही जरा जास्तच आदबीनं बसले होते. मग निळा लागला. तिसऱ्या गाण्यावर डॉक्टरांचे डोळे मिटले. टेलरकाकांचा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलू लागला. ठकूनं मनातला हिशेब पुन्हा एकदा करून पाहिला.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. ठकूनं एकेक उघडली. एक तिची स्वतःची. एक कंडक्टरकाकांची. तिसरीवर डॉक्टरांचं ते झुरळ चालत गेल्यासारखं अक्षर : निळा. चौथीवर टेलरकाकांचं : निळा.

चार-शून्य. बाबांच्या पिवळ्याला एकसुद्धा मत नव्हतं; पोटच्या पोरीचंही नाही. आणि तीन म्हातारे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"निळा," ठकू म्हणाली. "पिवळा. निळा." तिनं चौथी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. "पिवळा. दोन-दोन."

मग डॉक्टरांनी हात पुढे केला. "बघू चिठ्ठ्या."

एकोणीस वर्षांत कोणी कधी चिठ्ठ्या मागितल्या नव्हत्या. ठकूनं त्या दिल्या. जन्मात ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती आणि अर्ध्या मिनिटात पकडली गेली होती.

डॉक्टरांनी चारही चिठ्ठ्या वाचल्या. चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. "बरोबर," ते म्हणाले, "दोन-दोन."

त्यांनी त्या टेलरकाकांकडे दिल्या. टेलरकाकांनी चिठ्ठ्या पाहिल्या, डॉक्टरांकडे पाहिलं, कपाटाच्या दाराकडे पाहिलं. "दोन-दोन," ते घाईघाईनं म्हणाले.

राहिले कंडक्टरकाका. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक खोटा पास सुटला नव्हता. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी उजेडात धरली, उलटून पाहिली, मग चारही बारीक फाडून शर्टाच्या खिशात घातल्या. "सगळं रीतसर आहे. फेरमतदान पुढच्या शनिवारी. ठकू, चहा टाक."

चहा उकळेपर्यंत बाहेर पुन्हा एकमेकांची अक्कल निघायला लागली होती.

निघताना डॉक्टर बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मागं रेंगाळले.

"ठकू, पुढच्या वेळी जरा नीट करत जा. तुझे बाबा निदान चिठ्ठ्या तरी बदलून ठेवायचे."

"बाबा?"

"गेल्या सहा वर्षांत मी चारदा पिवळ्याला मत दिलं असेल. निकाल एकदाही हलला नाही. एकदा गुपचूप डब्यात डोकावलो, तर माझ्याच अक्षरात 'निळा'!"

"डॉक्टर!" खालून टेलरकाका ओरडले. "येताय की तिथंच मुक्काम?"

"आलो रे, आलो!"

दार लावून ठकू तिथंच भिंतीला टेकून हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. मग तिनं वही-पेन घेतलं, टेबलावर जागा केली आणि डॉक्टरांच्या अक्षरात 'पिवळा' लिहायला बसली. पहिल्या चार चिठ्ठ्या फुकट गेल्या. अक्षर फारच सुवाच्य आलं होतं. पाचवी मात्र अशी उतरली की खुद्द डॉक्टरांनी ती शपथेवर आपलीच म्हटली असती.