मुराळी अत्यवस्थ

नागपंचमी तोंडावर आली असताना 'मुराळी' हा शब्द आमच्या इस्पितळात दाखल झाला. मी शब्दांच्या वॉर्डची सिस्टर. येणारे बहुतेक म्हातारेच असतात आणि आमच्या हातांवरच जातात, त्यामुळे मी कुणाचा लळा लावून घेत नाही. शब्द गेला की त्याचं कामही थांबतं, एवढं मात्र लोकांना आधीच सांगून ठेवावं लागतं. उन्हाळ्यात 'इर्जिक' गेली. तेव्हापासून आमच्या भागात कुणी शेजाऱ्याच्या रानात मदतीला औत घेऊन जात नाही. निघालं तरी बांधापाशी पाय थांबतात.

डॉक्टर केंजळ्यांनी मुराळीला घराणं विचारलं.

"बाप मूळ," म्हातारा म्हणाला. "सासरच्या लेकीला आणायला माणूस पाठवायचा, त्याला मूळ धाडणं म्हणत. त्याच्या पोटचा मी. पूर्वी मुऱ्हाळी होतो. चालून चालून मधला ह झिजला."

"काम?"

"सणाला लेक माहेरी आणायची. जायचा भाऊच, पण उंबऱ्यावर तो भाऊ नसायचा, मी असायचो. मला रिकामं परत पाठवायची कुणाची छाती नव्हती."

"खऱ्या गरजेपोटी कुणी नाव घेतलं तर टिकेल," डॉक्टर मला म्हणाले. "पोकळ उच्चार पूर्ण बंद."

ते बरोबरच होतं. सकाळी एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. सगळ्यांनी ओळीने त्याचा वाक्यात उपयोग केला आणि त्याला ताप भरला. मी त्या सगळ्यांना हाकलून लावलं होतं.

दुपारी हौसाबाई दुधाळ आल्या. शब्दाची गरज असलेल्या माणसाला आम्ही खाटेशी बसू देतो. त्यांची लेक सुवर्णा वाघोशीला दिलेली, आणि नवरा मारतो. भाऊ मच्छिंद्र तिला आणायला जाऊन आला होता, पण सासऱ्याने पाहुणा म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. मग शेजारणीच्या फोनवरून सुवर्णाने आईला सांगितलं, "नुसता दादा धाडू नगं. मुराळी धाड. न्हाईतर पंचमीला मी दिसायची न्हाय."

"सिस्टर, आज मच्छिंद्र निघालाय," हौसाबाई म्हणाल्या. "त्यो दारात जाऊन ह्येचं नाव घेस्तवर ह्येला जगवा."

"तुम्हीच जगवा," मी म्हटलं.

त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "बाबा, माज्या लेकीला मुराळी पायजे."

त्याच्या तोंडावर रंग आला. तो उठून बसला, पाणी प्यायला, पटका मागून घेतला. मलाही बरं वाटलं.

पण थोड्याच वेळात तो घसरायला लागला. हौसाबाई गप्प बसलेल्या असतानाही त्याला मधूनमधून गचके बसत आणि प्रत्येक गचक्याला श्वास तोकडा होई. सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. बाहेर कुणीतरी पोकळ उच्चारतंय हे उघड होतं. मी प्राध्यापकांना फोन करून वाटेल ते बोलले. ते बिचारे झोपले होते.

इतक्यात हौसाबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. मच्छिंद्र वाघोशीत पोचला होता.

"आये, घोर करू नगं," तो म्हणाला. "इसरू नये म्हनून वाटभर घोकत आलोय. मुराळी, मुराळी, मुराळी."

खाटेवर म्हातारा तडफडला.

"गप्प बस!" मी फोनवर ओरडले. "दारात जाईपर्यंत तोंड उघडू नकोस."

तो गप्प झाला. फोन चालूच होता. चपला वाजल्या, कुत्रं भुंकलं, कडी वाजली. हौसाबाईंनी म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवला होता, डॉक्टर नाडी धरून होते. तो श्वास धरून होता. एवढा हट्टी रोगी मी पाहिलेला नाही.

"कोन?" सासऱ्याचा आवाज आला.

"मी. सुवर्णाला न्यायला आलोय. मी..."

डॉक्टरांनी नाडी सोडली.

"मी तिचा भाऊ," मच्छिंद्र म्हणाला.

"या की पाव्हणं. बसा. च्या घ्या."

कपबशी वाजली. मागून बाईचा आवाज येत होता. "दादा, म्हन की रं. दादा, म्हन."

"काय म्हनू गं?" मच्छिंद्रने विचारलं. तो खरंच विचारत होता.

मग फोन तिकडूनच बंद झाला.

म्हाताऱ्याला चादर घालून खाली नेलं. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आता सासरच्या उंबऱ्यावर त्याचं नाव कुणाला आठवत नाही; बाकी कुठेही कुणी कितीही वेळा घेतलं तरी चालतं, काही होत नाही. मी खाट फिनेलने पुसून घेतली. हौसाबाई पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या होत्या, तेवढ्यात वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं.

'माहेर' होतं. बरोबर कुणीच नव्हतं, आणि धाप लागली होती. दुसरी जागा नसल्यामुळे त्याच ओल्या खाटेवर घेतलं.

हौसाबाई परत आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल खाटेजवळ ओढलं.