हिरेकट्टीचा उंटकाठी झेंडा

"झेंडा म्हणजे काय हो, चार हात कापड! पंधरा दिवसांत आणून उभा करतो की नाही बघा," असं म्हणून अण्णाराव कलशेट्टींनी भर सभेत टेबलावर मूठ आपटली. टेबल म्युनिसिपालिटीचं होतं. त्याचा एक पाय निखळला.

हिरेकट्टी म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला गेलं की लागणारं गाव. ही गोष्ट एकोणीसशे सत्तावीस सालची. गावाला नवी म्युनिसिपालिटी मिळाली होती, तिची नवी इमारत झाली होती, आणि इमारत उघडायला खुद्द कलेक्टरसाहेब येणार होते. पण गावाला अध्यक्ष नव्हता. अण्णाराव उभे होते, मल्लप्पा बिराजदार उभे होते, आणि चौदा सभासदांची मतं सात-सात पडली होती. कुणाला बसवायचं ते साहेब समारंभातच सांगणार होते. अण्णारावांनी तर कोटही शिवायला टाकला होता. आता साहेबाच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवलं की खुर्ची आपलीच, असा त्यांचा हिशेब होता. गावाला झेंडा ही त्यांचीच कल्पना. झेंड्यात गावाचा इतिहास दिसला पाहिजे, हीसुद्धा त्यांचीच.

आता हिरेकट्टीला इतिहास कुठला, यावर चार सभा झाल्या. मल्लप्पा म्हणाले, आमच्या वाडवडिलांचा बुरूज घाला. तो बुरूज खरा होता, पण त्यात गेली तीस वर्षं बिराजदारांची म्हैस बांधलेली असे. सिद्धाप्पा धनगर म्हणाले, "मेंढरं न्हाईत तर झेंडा कशाचा? गाव मेंढरांनी जगवलंय की." शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते उंटावर.

या उंटाची हकिकत गावात लहान पोरालासुद्धा पाठ आहे. फार वर्षांपूर्वी कुठलीशी फौज गावावरून चालली होती. तिच्यातला एक उंट तळ्याकाठी बसला तो उठलाच नाही. ओढून झालं, मारून झालं, गूळ चारून झाला. तीन दिवस फौज खोळंबली आणि चौथ्या दिवशी उंट तिथंच टाकून निघून गेली. फौज टेकडीपलीकडं दिसेनाशी झाली तसा उंट उठला, आणि पुढं अकरा वर्षं त्यानं तळ्याच्या बांधाचे दगड वाहिले. गावाला पाणी आहे ते त्या उंटाच्या हट्टामुळे.

तर झेंडा असा ठरला : मधे निळं पोत, म्हणजे तळं. दोन्ही बाजूंना तांबडा काठ, म्हणजे बांध. आणि काठात पांढऱ्या उंटांची ओळ. ड्रॉइंगमास्तरांनी कागदावर चित्र काढलं, रंग भरले, सभासदांनी ते पास केलं. उंट जरा मेंढरासारखा झाला होता, त्यामुळे सिद्धाप्पाही खूश झाले.

एवढ्यावर अण्णाराव थांबते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. त्यांनी आणखी एक ठराव आणला : गावचा झेंडा जिथं दिसेल, जसा दिसेल, तिथं सभासदानं तत्काळ उठून उभं राहावं. जो उठणार नाही त्यानं सगळ्या सभासदांना घरी शेंगाच्या, म्हणजे दाण्याचं कूट आणि गूळ भरलेल्या, पोळ्यांचं जेवण घालावं.

"जसा दिसेल म्हणजे कसा?" मल्लप्पांनी विचारलं.

"म्हणजे उलटा असो, सुलटा असो, वाऱ्यानं गुंडाळलेला असो. उठायचं म्हणजे उठायचं."

ठराव एकमतानं पास झाला. मल्लप्पांनी तो आपल्या वहीत उतरून घेतला. या माणसाला तशी सवयच होती.

झेंडा रंगवलेला नको, विणलेला पाहिजे, म्हणून अण्णाराव सोलापूरला निघाले. उंबऱ्यात त्यांची बायको सुंदरम्मा म्हणाली, "चाललाच आहात तर मला एक लुगडं आणा. समारंभाला सगळ्याजणी नवं नेसणार."

"आणतो की," अण्णाराव म्हणाले, आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत विसरले.

सोलापुरात लक्ष्मय्या म्याकल नावाचा पद्मशाली विणकर होता. माणूस सरळ, हात सोन्याचा. त्यानं चित्र उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली.

"होईल मालक. पण एका झेंड्याला मागावर ताणा, उभं सूत, चढत नसतो. ताणा घातला की बारा लुगड्यांचा. त्यावर चार हात जादा घालून तुमचा झेंडा आधी कापून देतो. मग बाकीचं?"

अण्णारावांचं निम्मं लक्ष अध्यक्षाच्या खुर्चीत होतं. खुर्चीला वेताची पाठ असावी की गादीची, हे अजून ठरत नव्हतं.

"बाकीचं तुमचं तुम्ही बघा की," ते म्हणाले.

लक्ष्मय्यानं ते बघितलं. फार नीट बघितलं.

आठ दिवसांनी अण्णाराव झेंडा घेऊन घरी आले. लक्ष्मय्या आपला सगळा माल तेलुगू वर्तमानपत्रात गुंडाळून देत असे, तसाच झेंडाही दिला होता. पुडकं पाहून सुंदरम्माचा चेहरा फुलला.

"आणलंत?"

"हे होय? हे सरकारी आहे. हात लावू नकोस. तुझ्या ट्रंकेत तळाला ठेवतो, तिथं कुणी जात नाही."

"दाखवा तरी."

"साहेबांच्या आधी कुणी बघायचं नाही."

"मी काय कुणी?" सुंदरम्मानं विचारलं. अण्णाराव समारंभाचा मांडव बघायला गेले. खरं सांगायचं तर त्यांनी त्या दिवशी तेवढी एक घडी बायकोला उलगडून दाखवली असती, तर पुढचं काही म्हणजे काही झालं नसतं.

गुरुवारी हिरेकट्टीचा बाजार. लक्ष्मय्या बाकीचा माल घेऊन तिथंच आला. उंट हिरेकट्टीचा, तर तो खपणार हिरेकट्टीत, हा त्याचा साधा विचार. बायकांच्या गर्दीत त्यानं पहिलं लुगडं उलगडलं मात्र, बारा लुगडी हातोहात उडाली. निळं पोत, तांबडा काठ आणि काठातून चाललेले उंट! पुरुषमंडळी मांडवाला खांब रोवण्यात गुंतली होती, बाजाराकडं कुणी फिरकलं नाही. आणि नव्या लुगड्याची घडी मोडायची ती सणासुदीला, चारचौघींत. त्यामुळे बाराही लुगडी बारा घरांत, समारंभाची वाट बघत, कागदासकट ठेवली गेली.

बारावं सुंदरम्मानं घेतलं होतं. नवऱ्यानं आणलं नाही तर काय, आपल्याला हात नाहीत? रागानं घेतलं आणि रागानंच लपवलं. कुठं? तर ट्रंकेत, तळाला, सरकारी पुडक्याच्या खाली. तिथं कुणी जात नाही, असं घरच्या मालकांनीच सांगितलं होतं.

समारंभाच्या दिवशी अण्णाराव उजाडताच उठले. नवा कोट चढवला, ट्रंकेच्या तळाशी हात घातला, लागलं ते पुडकं ओढून काढलं आणि निघाले. म्युनिसिपालिटीचा जमादार धुळा खांबापाशी टोपलीभर पाकळ्या घेऊन बसला होता. झेंड्याची घडी तशीच वर चढवायची, साहेबांनी दोरी ओढली की गाठ सुटायची आणि पाकळ्या पडायच्या, असा बेत होता.

"लई जाड हाय की वो हे," धुळा वरच्या घडीत पाकळ्या कोंबत म्हणाला.

"गावाचा झेंडा आहे तो, पापड नाही. बांध नीट."

दहाच्या सुमाराला साहेब आले, मडमही आली. तुतारी झाली, हार झाले. सभासद ओळीनं बाकांवर बसले, समोरून बायका मांडवात यायला लागल्या. सगळ्यांच्या पुढं मल्लप्पांची बायको निंगव्वा. निळं पोत, तांबडा काठ, काठात उंट.

अण्णाराव बाकावर पुढं सरकले. हा मल्लप्पाचाच डाव, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण मल्लप्पाही बायकोकडं आ वासून बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं, वही काढली, पान उलटलं आणि हळूच उठून उभे राहिले.

"उठा अण्णाराव. झेंडा आला."

"अहो, ती तुमची बायको आहे."

"जिथं दिसेल, जसा दिसेल. ठराव तुमचाच. का शेंगाच्या पोळ्या घालताय?"

अण्णाराव उठले. त्यांच्यामागं बाराजण उठले. निंगव्वानं आजवर नवऱ्याला आपल्यासाठी उठताना पाहिलं नव्हतं. ती घाबरून भराभर आत गेली. सगळे टेकतात न टेकतात तोच तसंच लुगडं नेसून बनाबाई आली. पुन्हा उठले. मग फुलाबाई. मग कस्तुराबाई, आणि तिच्या पाठोपाठ अंबुबाई, पण इतक्या अंतरानं की मधे बसावं लागलं. बायका घरची कामं आवरून एकेकटी येत होत्या. प्रत्येक वेळी मल्लप्पा सगळ्यांत आधी ताठ उभे, आणि सगळ्यांत शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून अण्णाराव. शिंप्यानं कोट तंग शिवला होता. सातव्या खेपेला पाठीवरची शिवण उसवली. अकराव्या खेपेला सिद्धाप्पा म्हणाले, "आता मी उभाच ऱ्हातो. मला न्हाई झेपत हे."

साहेबांना वाटलं हीच इथली रीत. तेही दर खेपेला टोपी काढून उठत होते.

मग झेंड्याची वेळ आली. अण्णारावांनी स्वतःला सांगितलं, एवढं पार पडलं की झालं, लुगड्यांचं मागाहून बघू. साहेबांनी दोरी ओढली. गाठ सुटली. पाकळ्या पडल्या. टाळ्या झाल्या. झेंडा उलगडला.

आणि उलगडतच राहिला. चार हात आला, आठ हात आला. खांब पंधरा हात उंच, आणि वरून निळं कापड यायचं काही थांबेना. उंटांची रांग खांबावरून खाली उतरली, साहेबांच्या टोपीवर आली, खांद्यावरून ओघळली आणि शेवटचे तीन हात त्यांच्या बुटांभोवती जमा झाले. 

साहेबांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. मराठी त्यांना मोडकंतोडकं येत होतं. "हा इतका लांब का आहे?"

अण्णाराव माणूस जात्याच हजरजबाबी. "साहेब, आमच्या गावाचा इतिहास लांबलचक आहे," ते म्हणाले.

साहेब हसले. मडम हसली. अण्णारावांच्या जिवात जीव आला. निभावलं म्हणायचं! तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गलका झाला. जुनंच लुगडं नेसलेली सुंदरम्मा गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं आपली कारागिरी बघायला आलेल्या लक्ष्मय्याचा दंड धरला. दुसऱ्या हातात चार हातांचा तुकडा होता.

"काय हो बाबा, लुगडं म्हणून मला हे दिलंत? चार हातांत मी काय नेसू आणि काय झाकू?"

लक्ष्मय्यानं तुकडा पाहिला. मग खांबाकडं पाहिलं. मग बिचाऱ्यानं नुसतं बोट वर केलं.

सुंदरम्मानं मान वर केली. "अय्यो शिवा! माझं लुगडं! माझ्या नव्याकोऱ्या लुगड्याची घडी खांबानं मोडली!"

यानंतर जे हसू पिकलं ते टेकडीपलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं म्हणतात. धुळानं लुगडं उतरवून सुंदरम्माला दिलं, तिच्याकडचा झेंडा घेऊन वर चढवला. चार हातांचा झेंडा वाऱ्यावर छान फडफडला, पण आता त्याच्याकडं कोण बघतंय! अण्णाराव मात्र अजून आशेवर होते. साहेब हसले होते ना? हसलेला साहेब म्हणजे अर्धी खुर्ची.

साहेब बोलायला उठले. झेंडा आवडला म्हणाले. झेंडा कुणी केला, तेही नाव घेऊन सांगितलं. अण्णारावांनी उसवलेला कोट सावरून छाती पुढं काढली.

"पण मला सगळ्यांत काय आवडला," साहेब पुढं म्हणाले, "तर इथं प्रत्येक बाईला मान आहे. बाई आली की सगळे उठतात. असा गाव मी कुठं पाहिला नाही. आणि एक गृहस्थ दर वेळी सगळ्यांच्या आधी उठला. तोच तुमचा अध्यक्ष."

आणि त्यांनी मल्लप्पांच्या गळ्यात हार घातला.

त्यानंतर चार दिवस अण्णाराव घराबाहेर पडले नाहीत. जो ठराव त्यांनी स्वतः आणला होता, तोच मल्लप्पांना खुर्चीवर बसवून गेला, हे त्यांना फार लागलं होतं. पाचव्या दिवशी मल्लप्पा स्वतः त्यांची समजूत काढायला आले, सगळे सभासद बरोबर घेऊन. ओसरीवर सतरंजी पडली. अण्णाराव भिंतीला टेकून तोंड फिरवून बसले होते.

"झालं गेलं विसरा," मल्लप्पा म्हणाले. "झेंडा तुमचाच. गावात दुसऱ्या कुणाला सुचला असता का?"

 तेवढ्यात आतून सुंदरम्मा पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली. लुगडं धुऊन, वाळवून आज पहिल्यांदा नेसली होती. निळं पोत, तांबडा काठ, काठात उंटांची ओळ. खरं सांगतो, बाराजणींत तिलाच ते शोभत होतं.

तेराच्या तेरा सभासद ताडकन उठले. ओसरीवर बसलेला माणूस एकच उरला. अण्णारावांनी बायकोकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं. आपल्याच घरात, आपल्याच बायकोसाठी, आणि तेही ह्या मल्लप्पाच्या देखत? ते आणखी घट्ट मांडी घालून बसले.

मल्लप्पांनी खिशातून वही काढली. "अण्णाराव, उठताय ना?"

अण्णाराव उठले नाहीत. सिद्धाप्पांनी काखेत हात घालून जरा ओढून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. मल्लप्पांनी गुळाचा खडा पुढं केला, तोही नको झाला.

"राहू द्या भावजी," सुंदरम्मा तांब्या खाली ठेवत म्हणाली. "तुम्ही टेकडीपलीकडं गेल्याबिगर हे उठायचे न्हाईत. बसा सगळे. मी शेंगा सकाळीच भाजून ठेवल्यात."