चुलीभोवतीचा पांढरा दगड

चुलीभोवती कुठल्या रंगाचा दगड बसवायचा, यावरून शंभुलिंग अप्पांच्या नव्या घराचं काम अडून बसलं होतं. अणदूरच्या त्या घरात फरशी झाली होती, दारं बसली होती, नळाला पाणीही आलं होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ज्ञानोबा मिस्त्रीनं उभ्यानं स्वयंपाक करता येईल अशी लाकडाची चूल बांधली होती आणि वर धुराडं काढलं होतं. गॅस होताच, पण अप्पांना भाकरी चुलीवरचीच लागायची. "आमच्या नागम्माला चुलीबिगर करमत न्हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. नागम्मा तेव्हा बहुधा मागं भांडी घासत असायची.

शेवटी नवराबायको नळदुर्गला, हायवेवरच्या दगडाच्या दुकानात गेली. काळ्या, गाजरी, हिरवट, पांढऱ्या फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. नागम्मानं काळीवर हात फिरवला.

"ही घ्या. काजळी दिसायची न्हाय."

"काळं? नव्या घरात?" अप्पांनी फोटो काढून सगळ्या भाऊबंदांना पाठवले. पुण्याहून मुलगा श्रीशैल म्हणाला, हिरवा घ्या. चुलत्यानं गाजरी सुचवला. मग थोरले बंधू गौरीशंकर अण्णांचा फोन आला.

"पांढराच घे, शंभू. आपण शिवाची माणसं. भस्माचा रंग हाय त्यो."

एवढं झाल्यावर बोलायला काही उरलंच नाही. "अवो, राख पांढरी असती, धूर न्हाय," असं नागम्मा म्हणाली. पण तोवर दुकानदार फरशी टेम्पोत चढवत होता.

दगड बसला आणि स्वयंपाकघर उजळून निघालं. दुसऱ्या दिवशी नागम्मानं चार भाकऱ्या केल्या. संध्याकाळी पाहतात तो चुलीच्या तोंडावर दगडाला तपकिरी मिशी फुटलेली. अप्पांनी साबण लावला, लिंबू चोळलं, जुन्या ब्रशनं घासून घासून स्वतःचा खांदा आखडून घेतला. मिशी आणखी पसरली.

"ह्यो दगुड पितुया, अप्पा," ज्ञानोबा म्हणाला. "जे लागंल ते पितुया."

"मग वास्तुशांत हुईस्तवर चूल पेटवायची न्हाय," अप्पांनी जाहीर केलं.

वास्तुशांत झाली. पाहुण्यांनी दगडाची इतकी तारीफ केली, की आता तो काळा करायचा म्हणजे जिवावर आलं. अप्पांनी चुलीच्या तोंडात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवून दिला. शेजारच्या धुरपताबाईंनी तो बघून चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "पिंड कवा बसवताव?"

भाकरी रोज गॅसवर होऊ लागली. अप्पा ती औषधासारखी गिळत आणि चुलीकडं बघत राहत. त्यातच अण्णांचा निरोप आला: रविवारी येतोय, तुझ्या नव्या चुलीवरची भाकरी खायला.

थोरल्या भावाला नाही म्हणता येईना आणि दगड खराब होऊ देववेना. अप्पांनी डोकं चालवलं. रविवारी सकाळी दोन पोती भिजवली आणि वरच्या भिंतीत खिळे ठोकून दगडावर दोन्ही बाजूंनी लटकवली. नागम्मानं पिठाचा हात तसाच वर धरून विचारलं, "ही वाळली म्हंजी?"

"तवर भाकऱ्या हुतील."

भाकऱ्या व्हायच्या आधी पोती वाळली. मग धुमसू लागली. त्यांचा धूर धुराड्यात न जाता घरभर पसरला आणि ओसरीवर बसलेले अण्णा खोकत आत आले. पाहिलं, तर आग लागलेली. त्यांनी न्हाणीतली भरलेली बादली उचलली आणि नेम धरून मारली.

तापलेल्या दगडावर गार पाणी पडताच ठाण्णदिशी आवाज झाला. धुरपताबाईंना वाटलं सिलिंडर फुटला. त्या ओरडत रस्त्यावर धावल्या आणि त्यांच्यामागं निम्मी गल्ली आत आली. धूर ओसरला तेव्हा दगड वरपासून खालपर्यंत तडकला होता आणि अण्णांचं पांढरंशुभ्र धोतर कोळशाच्या पोत्यागत झालं होतं.

"शंभू," ठसका आवरत अण्णा म्हणाले, "काळाच घ्यायला पायजे हुता."

अप्पांना त्या रात्री झोप लागली नाही. बायकोचं ऐकलं असतं तर ही शोभा झाली नसती, हे त्यांना मनापासून पटलं. सकाळी ज्ञानोबा टेप घेऊन आला, तेव्हा त्यांनी नागम्माला मुद्दाम बाहेर बोलावलं.

"चुकलं माझं. आता तुझ्या मनासारखं. काळा बसवू."

"बेडा," नागम्मा म्हणाली. ठाम नको म्हणायचं असलं, की ती माहेरच्या कानडीत बोलायची.

"काळा नको? मग कुठला?"

"दगुड बी नको न् चूल बी नको."

"अगं, पण तुला चुलीबिगर करमत—"

"ते तुमी म्हणत हुता. म्या कवा म्हणलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "दगुड कुठला, ते सगळ्या भावकीला इचारलं. चूल पायजे का, ते मला न्हाय इचारलं. लगीन झाल्यापस्नं धूर खाल्ला. मधी चूल बंद हुती, तेवढंच डोळ्यांस्नी बरं वाटलं."

ज्ञानोबानं टेप उघडून उगीच भिंत मोजली. मग दबकत विचारलं, "मग रंग कुठला धरू, आक्का?"

"कुठला बी धर. पर चुलीचं त्वांड बुजीव."

अप्पा ओसरीवर जाऊन बसले. लग्नानंतर नागम्माचे डोळे सदा लाल असायचे. माहेरची आठवण येत असेल, असं त्यांनी तेव्हा धरलं होतं. पुढं त्यांनी नीट पाहिलंच नव्हतं. आणि आत्ता ती समोर बोलत होती तेव्हा मात्र तिचे डोळे स्वच्छ होते. इतके, की त्यांना क्षणभर ओळखू आले नव्हते.

चूल बुजली. तिथं आता मिक्सर असतो.

पुढं एकदा कामानिमित्त नळदुर्गला गेले असताना अप्पा एका ढाब्यापाशी थांबले. मोठी पाटी होती: चुलीवरची भाकरी. ते बाकावर बसले. पत्र्याच्या आडोशाला एक बाई फुंकणीनं जाळ करत होती आणि मधूनमधून पदरानं डोळे पुसत होती. अप्पांचं लक्ष पुनःपुन्हा तिकडंच जाऊ लागलं. शेवटी ते उठले आणि भाकरी कागदात बांधून मागितली.

घरी नागम्मानं ती ताटात घेतली. चटणी लावून पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग सावकाश सगळी भाकरी संपवली.

"लई ग्वाड हाय," ती म्हणाली.

"चुलीवरची हाय न्हवं," अप्पा जरा आशेनं म्हणाले.

"तसं न्हवं. आयती हाय."

 अप्पांनी उठून तिच्यासाठी तांब्या भरून आणला.