दोरावर बसा, गावंडे सर!

कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे गावंडे सर कुलपाला लोंबकळतात. दोन्ही पाय उचलून. बुलढाण्यात नऊ वर्षं मी त्यांचा शेजारी आहे आणि रोज शाळेला निघताना हे दृश्य पाहतो. कडी अजून शाबूत आहे, पण सरांचा तिच्यावर विश्वास नाही.

सर गणित शिकवतात. कॉपी पकडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तोंडात पालुपद एकच, "हे कोनं तपासलं?" लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्यालाही ते हेच विचारतात. डब्यातली पोळी खिडकीशी नेऊन उजेडात धरतात. पोळी त्यांनी स्वतःच लाटलेली असते.

यंदा शाळेनं मुलांना कातळावर चढायला शिकवायचं ठरवलं. आधी दोन शिक्षकांनी शिकून यायचं होतं. मुख्याध्यापकांनी आमची नावं दिली. त्याच दिवशी सरांनी मला सायकलींच्या मागे गाठलं.

"जोशी सर, सतरा मास्तराईतून आपन दोघंच काऊन?"

"बाकीच्यांनी रजा टाकल्या असतील."

"नाई. आपल्या जागा त्याइले भराच्या हायेत. इच्यार करा."

मी विचार केला आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

घाटाखालच्या कातळाशी आम्हाला शिकवायला मेहकरची प्राजक्ता होती, माझ्या मुलीच्या वयाची. कातळ जेमतेम दोन मजली. तिनं दोर दाखवला, सरांनी तो हुंगला.

"हे कोनं तपासलं?"

"मीच, सर."

"अन् तुमाले कोनं तपासलं?"

तिनं हसत आपलं प्रमाणपत्र दिलं. सरांनी तेही उजेडात धरलं.

पहिले दोन दिवस सर जमिनीपासून हातभर उंचीवर खेकड्यासारखे आडवेच सरकत राहिले. प्राजक्ता म्हणाली, "छान! सुरुवातीला हाच सराव करायचा असतो." झालं! ही बाई उगाच काऊन कौतुक करून राह्यली, ही नवी शंका सरांना चिकटली.

तिसऱ्या दिवशी मात्र वर जाणं भागच होतं. सरांच्या कमरपट्ट्याला बांधलेला दोर वरच्या कडीतून फिरून खाली माझ्या कमरेशी येत होता. ते चढतील तसा मी तो ओढून घ्यायचा आणि ते निसटले तर रोखून धरायचा. माझ्यामागे दोराचं टोक धरून प्राजक्ता उभी होती. सरांनी आपली गाठ चार वेळा सोडून बांधली. मग माझ्याकडे वळले.

"फोन कुठसा हाये?"

"खिशात."

"काढा. तिकडं दगडावर ठेवा."

आणि मग सर चढले. खरं सांगतो, झकास चढले. प्रत्येक खाचेवर आधी थाप मारून, मगच तिथं बोटं घालत ते थेट कडीपर्यंत पोचले. पंचाईत पुढेच होती. खाली यायला हात सोडून दोरावर मागे रेलावं लागतं.

"सर, मागे टेका! दोरावर बसा!" प्राजक्ता ओरडली.

"नाई."

दहा मिनिटं झाली. त्यांच्या पोटऱ्या थडथड उडायला लागल्या. तोवर मला गंमत वाटत होती, ती गेली. मी दोरावरची पकड आवळली.

"जोशी सर!"

"आहे मी!"

"पाहून राह्यले न?"

"तुमच्याकडेच!"

मग ते कातळाला गाल लावून बोलले, एवढ्या हळू की मला कान द्यावा लागला.

"माहं वजन कोनावर टाकाची सवय नाई हो मले."

"टाका सर. मी नव्वद किलोचा आहे. जागचा हलणार नाही."

एक हात सुटला. बऱ्याच वेळानं दुसरा. दोर ताणला, माझ्या कमरेला हिसका बसला आणि गावंडे सर आख्खे माझ्यावर आले. एवढा हलका माणूस असेल असं मला वाटलं नव्हतं.

परतताना घराशी आलो तेव्हा ते फाटकाला हात लावून उभे राहिले.

"च्या घेता काय?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच. मी आत गेलो. स्वयंपाकघर लख्ख होतं, सगळं जागच्या जागी. पण घरात कप एकच. तो त्यांनी मला दिला आणि आपला चहा वाटीत ओतून घेतला. माझा कप संपताच त्यांनी तो विसळायला नेला.

"उद्या बी दोर तुमीच धरसान न?" मोरीपाशी पाठमोऱ्यानंच त्यांनी विचारलं.

"धरीन की."

नळ बंद झाला. कप त्यांनी पुसला, खूप वेळ पुसला.

"मंग दुसरा कप आनतो मी."